मिस्त्री हा शब्द मी उचलला त्याची गोष्ट

माझं नाव अनंता. गाव शीळफाट्याहून आत, खाडीच्या अंगाला, आता तिथं गाव शोधाल तर सापडणार नाय, बिल्डिंगी सापडतील. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठाचं आगर, मिठागर, त्याच्यावरनं आगरी, हे बरं हाय बघा, आमचं नाव सरळ कामावरनं पडलं, त्यात कोणाला विचारायला जायला लागत नाय. बापूस खाडीकाठच्या मिठागरात जायचा, पावसाळ्यात थोडं भात, बाकी आठ महिने मीठ. मीठ ओढून ओढून त्याच्या टाचांना अशा भेगा की आयस चुलीजवळ बसून त्यात मेण भरायची नि तो वर आढ्याकडं बघत बसायचा. तर तुम्ही विचारलंत मिस्त्री ह्या शब्दाचं काय ते. सांगतो ना, पण आधी बिगारी सांगायला लागेल, त्याच्याशिवाय मिस्त्री कळत नाय.

माझा आजा खोताकडं वेठीला जायचा. म्हणजे खोताचा बांध फुटला की गावातनं माणसं हाकलायची, बांध घालून घ्यायचा, नि संध्याकाळी घरी जा बोलायचं, बस. त्याला बिगारीत जाणं बोलायचे. बापसानं लहानपणी ते बघितलेलं. आपल्या बापाला दुसऱ्याच्या पोरानं अरे-तुरे करताना बघितलेलं. म्हणून तो शब्द आमच्या घरात चालायचा नाय, शिवी चालायची, आमच्याकडं शिव्या भरपूर, पण तो शब्द नाय. आणि मिठागर बंद पडलं, भराव आला, नि मी कामाला कुठं लागलो तर डोंबिवलीच्या नाक्यावर. बिगारी म्हणून. आता काय सांगू तुम्हाला.

ऐंशी सालानंतरचं डोंबिवली तुम्ही बघितलं नसेल. जिकडं बघाल तिकडं पाया खणलेला. सकाळी नाक्यावर ही गर्दी, आणि त्या गर्दीत पण दोन बाजू असायच्या, कोणी आखून दिलेल्या नव्हत्या, पण असायच्या. एका बाजूला मिस्त्री, त्यांच्या पायाशी गोणपाटाची थैली, थैलीत थापी, ओळंबा, प्लास्टर घासायचा रंधा, सूत, नि थापीची मूठ मुद्दाम बाहेर काढून ठेवलेली, म्हणजे कंत्राटदाराला लांबनं दिसावी. दुसऱ्या बाजूला आम्ही, रिकाम्या हाताचे. कंत्राटदार यायचा, दोन मिस्त्री पाच बिगारी बोलायचा, मिस्त्रींशी बोलणं व्हायचं, कुठं काम, किती दिवस, चहा कोण देणार. आमच्याशी बोलणं नाय, आमच्याकडं नुसतं बोट. तू, तू, तू नि तो लाल बनियनवाला. माझं बनियन लाल होतं, म्हणून दोन वर्षं मी लालच होतो.

आणि मिस्त्री तरी कोण कोण? गवंडी तो मिस्त्री, फरशी बसवणारा मिस्त्री, नळवाला मिस्त्री, लाइटवाला मिस्त्री, आमच्या फाट्यावर एक जण पंक्चर काढायचा त्याला पण मिस्त्री बोलायचे. म्हणजे जगात सगळे मिस्त्री, आम्ही सोडून. आमच्यात एक रामधनी होता, गोरखपूरकडचा, तो बोलायचा, अरे ये मिस्त्री जो है ना, अंग्रेज का मिस्टर है, अंग्रेज लोक कारागिराला मिस्टर बोलायचे, आपल्या लोकांनी त्याचं मिस्त्री केलं. आम्ही हसायचो. मग रामधनीलाच मिस्टर बोलायला लागलो, मिस्टर घमेलं उचला, मिस्टर खडी आणा. पण खोटं कशाला सांगू, मला ते पटलेलं. ज्याला मिस्टर बोलतात त्याला कोणी लालवाला बोलत नाय.

मग झालं असं, माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला गावात पाहुणे आले. आमच्याकडची हळद म्हणजे काय असते तुम्हाला ठाऊक हाय, अख्खं गाव मांडवात. तिथं एक जण बापसाला सहज बोलला, काका, तुमचा अनंता डोंबिवलीला बिगारी हाय ना, आमच्या बिल्डिंगीवर बघितला परवा. काय वाईट मनानं नव्हता बोलला. बापूस जेवत होता. त्यानं हात धुतला. उठला, घरी आला. मी मागनं आलो, तर तो ओटीवर बसलेला, बोलला, अन्या, माजा बापूस बिगारीत मेला, मी मिठात ऱ्हायलो पन बिगारीत नाय गेलो, तू परत तिथंच कसा रं गेलास? मी बोललो, बाबा, आता तसं नसतं, आता हजेरीचे पैसे मिळतात, नुसता शब्द राहिलाय. तो बोलला, शब्दच ऱ्हातो.

माझ्या डोक्यातनं ते जाईना. मला शांत बसता येत नाय, हा माझा लहानपणापासनं दोष, एक गोष्ट डोक्यात शिरली की मी उठतो-बसतो, उठतो-बसतो, आयस बोलायची ह्याच्या बुडाखाली निखारा ठेवलाय कोणी. आता बिगारीचा मिस्त्री होतो कसा ते सांगतो. कोण शिकवत नाय. घमेली उचलता उचलता डोळ्यानं शिकायचं, जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री लवंडला की त्याची थापी घेऊन दोन विटा लावून बघायच्या, त्याला जाग आली की लाथ खायची. आणि हात बसला तरी ज्या नाक्यावर तुम्हाला बिगारी म्हणून ओळखतात त्या नाक्यावर तुम्ही जन्मभर बिगारीच. थैली घेऊन पलीकडं उभे राहिलात तर अलीकडचे पण हसतात, पलीकडचे पण हसतात. म्हणून सगळ्यांची एकच रीत, नाका बदलायचा. जिथं कोणी ओळखत नाय तिथं थैली घेऊन उभं राहायचं नि पहिल्या दिवसापासनं मिस्त्री. मी पण तेच केलं. फक्त मी घाई केली. लोक सहा-सात वर्षं घमेली उचलून मग जातात, मी दोन वर्षांत गेलो. नवी थापी घेतली, दगडावर घासून तिची धार बोथट केली, म्हणजे जुनी दिसावी, गोणपाटाची थैली सिमेंटच्या पाण्यात बुडवून सुकवली. आयस बघत होती, बोलली, हे काय रे नवीन वस्तूची वाट लावतोस. मी बोललो, कामाचं हाय. आणि बस पकडून ठाण्याला, पूल ओलांडून कोपरीच्या बाजूला.

तिथं तिसऱ्या का चौथ्या दिवशी प्रधान सर आले. शाळेतनं रिटायर झालेले, बारीक अंगाचे, पांढरा लेंगा, खिशात दोन पेनं. बाकीचे कंत्राटदार असे येतात नि बोट करतात, हे आले नि माझ्यासमोर उभे राहून बोलले, अहो मिस्त्री, आमच्या घराचं थोडं काम आहे, याल का? अहो. याल का. मला आयुष्यात कोणी अहो बोललेलं नव्हतं हो, लग्न पण झालेलं नव्हतं. त्यांनी काम काय ते सांगायच्या आधीच मी थैली उचलली.

काम असं, खाली दोन खोल्या, वर एक. पुढच्या दरवाज्यावर जुना पत्रा होता तो सडलेला. तो काढायचा, दरवाजा थोडा रुंद करायचा, वरती नवीन लिंटल, म्हणजे दरवाज्यावरचा आडवा बीम, नि त्याच्यातनं पुढं दोन फुटाचा छज्जा. ऊनपाऊस दारात येऊ नये एवढंच. मी बोललो, करतो. वीट लावणं, प्लास्टर, हे मला येत होतं, चांगलं येत होतं. पण छज्जा मी बांधलेला नव्हता. बघितलेला खालनं. कारण काय, सळया बांधायचं काम सकाळी होऊन जातं, आम्हा बिगाऱ्यांना माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-खडी, चढवायला वर बोलावतात तेव्हा सगळं बांधून तयार असतं, आणि डोक्यावर घमेलं असताना माणूस पाय बघतो, सळया नाय बघत. स्लॅबची सळई मी बघितलेली, ती खालच्या अंगाला असते, फळीपासनं बोटभर वर. मी विचार केला, छज्जा म्हणजे काय, बारका स्लॅबच. आणि सळया खाली अंथरल्या, नीट तारेनं बांधल्या, एक पण ढिली नाय, नि वरनं माल ओतला. खूप मन लावून केलं हो. तेच वाईट वाटतं, मन लावून केलं.

माल ओतला त्या दिवशी सरांनी खुर्ची बाहेर आणली, बाईंनी चहा आणला, बाई म्हणजे सरांची बायको. सरांना शब्दांचा नाद. कोणता शब्द कुठनं आला ते छोट्या छोट्या कागदांवर लिहून ठेवायचे, बिस्किटाचे डबे भरलेले त्या कागदांनी. मला बोलले, मिस्त्री, तुम्हाला ठाऊक आहे का तुमचा शब्द कुठून आला? मी बोललो, मिस्टरवरनं. ते इतके हसले की चहा सांडला. मग बोलले, नाही हो. आपल्या ह्या भागात, वसईला, ठाण्याला, पोर्तुगीज होते. त्यांनी किल्ले बांधले, चर्चं बांधली. कामावर जो मुख्य कारागीर असेल त्याला ते मेस्त्र म्हणत. त्याचं कोकणात झालं मेस्त्री, इकडे मिस्त्री. आणि मेस्त्र म्हणजे नुसता कारागीर नव्हे, मेस्त्र म्हणजे गुरू. ज्याला काम पूर्ण कळलंय, म्हणून जो दुसऱ्याला शिकवू शकतो, तो. मुलांना शिकवणाऱ्यालाही तोच शब्द. आमचा मास्तर इंग्रजीतून आला, तुमचा मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला, पण मागे जाल तर आजा एकच, लॅटिन. म्हणजे तुम्ही आणि मी भाऊबंद झालो की.

मी हसलो. हात सिमेंटचे होते ते मागं घेतले. मग मी विचारलं, सर, आणि बिगारी? ते बोलले, तो फारसी, बिगार म्हणजे दाम न देता जुलमानं करून घेतलेलं काम. पण तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? मी बोललो, काय नाय, असंच. बापूस आठवला. त्याला शाळा ठाऊक नाय, फारसी ठाऊक नाय, पण अर्थ बरोबर ठाऊक होता.

पंधरा-सोळा दिवसांनी बल्ल्या काढल्या, बल्ल्या म्हणजे खालनं दिलेले लाकडी टेकू. छज्जा राहिला. का नाय राहणार, सिमेंट ताजं, वजन नाय, थोडे दिवस सगळंच राहतं. बाईंनी पेढा दिला. मी घरी येऊन बापसाला बोललो, बाबा, कोपरीला सरांच्या घरी मला मिस्त्री बोलतात. दुसऱ्या दिवशी तो पाराजवळ बसून, मी ऐकलं, कोणाला तरी सांगत होता, माजा पोऱ्या मिस्त्री हाय, ठान्याला. मग मी थैली घेऊन परत डोंबिवलीला आलो, पण नाक्यावर नाय, सरळ एका साइटवर, जिथं मला लाल म्हणून ओळखणारं कोणी नव्हतं, तिथं गणू मेस्त्री होते सावंतवाडीकडचे, साठीला आलेले, त्यांच्या हाताखाली विटांचं काम धरलं.

एक दिवस तिथं दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर माल ओतायचं चाललेलं नि एका बिगाऱ्याचा पाय सळईवर पडला, सळई खाली दबली. गणू मेस्त्री असे ओरडले की वरच्या मजल्यावरचं काम थांबलं. पाय काढ, सळई वर घे, माणसं मारशील. मी शहाणा, मी हसत बोललो, मेस्त्री, खाली गेली तर काय झालं, खालीच असते ना सळई? त्यांनी माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. बोलले, इकडं ये. हात समोर सरळ धर. धरला. माझ्या हातावर भरलेलं घमेलं ठेवलं. बोलले, दुखतं कुठं? मी बोललो, खांद्याला. खांद्याच्या खाली का वर? वर. वरची शीर ताणली जाते ना? मग छज्ज्याचं पण तेच, भिंतीतनं बाहेर आलेला हात तो, त्याचा ताण वरच्या अंगाला. स्लॅबला दोन्हीकडं आधार असतो, त्याची सळई खाली. छज्ज्याची वर. खाली घातलीस तर ती नसल्यासारखीच. आज नाय पडणार, उद्या नाय पडणार, पण एक दिवस न सांगता सवरता अख्खा खाली येतो.

घमेलं हातातच होतं. मी ते खाली ठेवलं की पडलं, आठवत नाय.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. विटा लावताना हात चालायचा नि डोकं कोपरीला. दुसऱ्या दिवशी खाडा केला, बस पकडली, गेलो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघितलं, छज्जा होता. सर खुर्ची टाकून बरोबर त्याच्या खाली पेपर वाचत बसलेले. आणि वर, छज्ज्यावर, चार कुंड्या. वरच्या खोलीची खिडकी छज्ज्यावर उघडायची, तिथनं बाईंनी ठेवलेल्या, गुलाब नि तुळस नि काय काय. मी परत फिरलो. चार दिवसांनी परत गेलो, कुंड्या सहा. बाई खिडकीतनं पाणी घालतायत, पाणी खाली सरांच्या पेपरवर ठिबकतंय, सर ओरडतायत, त्या हसतायत. बघवेना. तिसऱ्यांदा गेलो तर सरांनी बघितलं, अहो मिस्त्री, इकडे कुठे, या, चहा घ्या. मी गेलो. त्याच छज्ज्याखाली स्टुलावर बसलो. कप हातात, नि मान वर. जिथं छज्जा भिंतीला मिळतो तिथं वरच्या अंगाला केसासारखी चीर गेलेली मी कडेनं बघितली. पेन्सिलीची रेघ वाटावी एवढी. ती रेघ माझी सही होती म्हणा.

सांगायला तोंड उघडणार, तर सर बोलले, बरं झालं आलात, माझ्या मेहुण्याचं नौपाड्यात घर चाललंय, त्याला गॅलरी नि तीन छज्जे करायचेत, मी त्याला तुमचं नाव सांगून ठेवलंय. म्हटलं, माणूस खात्रीचा आहे. तुम्हाला ठाऊक हाय, गॅलरी मिळणं म्हणजे काय? तिथनं माणूस कंत्राटदार होतो. मी काय बोललो? मी बोललो, बघतो सर. चहा संपवला नि आलो. ह्याच्यापरीस वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाय. छज्जा चुकला ती अक्कल कमी, पण हे अक्कल असताना केलं.

आठवडा काढला. घरी जेवण जाईना. आयस बोलली, ह्याचं लग्न करून टाका. बापूस बोलला, मिस्त्री मानूस हाय, कामाचा ताप असतो डोक्याला. मला वाटलं ताट फेकून द्यावं. साइटवर कुठं घमेलं आपटलं तरी मी दचकायचो. एका सकाळी मुंबऱ्याच्या बाजूला आभाळ गच्च झालेलं, मला वाटलं आता पाऊस लागेल, चिरीत पाणी जाईल, कुंड्या भिजून जड होतील. मी थैली घेतली, छिन्नी-हातोडा घेतला नि गेलो.

बाई खिडकीत होत्या, सर खाली. मी नमस्कार-बिमस्कार काय केला नाय, बोललो, सर, तिथनं उठा. आणि बाईंना सांगा कुंड्या आत घ्या, हळूच, एकेक. सर बोलले, का हो मिस्त्री? मी बोललो, मी मिस्त्री नाय. मी बिगारी हाय. छज्जा मी पहिल्यांदाच बांधला, सळई खाली घातली, ती वर पाहिजे होती, हा कधी पण पडेल. सगळं एका दमात बोललो, नायतर बोलताच आलं नसतं. सर उठले. मला वाटलेलं मास्तर माणूस हाय, समजून घेईल, बरं झालं सांगितलंस बोलेल. छे हो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कधीपासून ठाऊक आहे तुला? तुला बोलले. मी बोललो, पंधरा-वीस दिवस. म्हणजे त्या दिवशी इथे चहा प्यायलास तेव्हा ठाऊक होतं? मी बोललो, होतं. मग ते जे बोलले ते अजून कानात हाय. मी तुला गुरू म्हणालो, भाऊबंद म्हणालो, आणि तू तो शब्द ऐकून घेतलास. आमची ही दिवसातून दहा वेळा ह्याच्याखालून जाते. जा, तुझी थापी घे आणि जा. वर बाईंना तूच सांग काय केलंस ते, मी नाही सांगणार.

मी वर बघून बाईंना सांगितलं. गल्लीतली माणसं जमलेली, त्यांच्यासमोर सांगितलं. बाई एकेक कुंडी आत घेत राहिल्या, नि प्रत्येक कुंडी उचलताना मी चिरीवरनं नजर काढली नाय. मी दोन बल्ल्या मागून आणल्या, छज्ज्याला टेकू दिला, सर बघत होते, अडवलं नाय. आणि तसाच डोंबिवलीला जाऊन गणू मेस्त्रींसमोर उभा राहिलो, सगळं सांगितलं. त्यांनी एक कानाखाली मारली. मग पान थुंकून बोलले, चल.

ते बरोबर आले. हे मी विसरणार नाय. काम टाकून आले. छज्जा फोडला, खालच्या अंगाला माझ्या सळया निघाल्या, तारेनं नीट बांधलेल्या. गणू मेस्त्रींनी एक हातात घेऊन बघितली, बोलले, बांधलीय बरी, जागा चुकली. सरांना बोलले, मास्तर, दुसरा मिस्त्री आणाल तर तो करेल, पण मी बोलतो ह्यालाच करू द्या, मी बाजूला उभा राहतो. सर बोलले, तुमच्या जबाबदारीवर. माझ्याशी बोलले नाय. मी सळया बांधल्या, वर, मागं लिंटलात आकडे अडकवून, मेस्त्रींनी प्रत्येक गाठ ओढून बघितली. आणि दिवस भरल्यावर बल्ल्या काढायची वेळ आली तेव्हा मेस्त्री बोलले, आमच्याकडं रीत हाय, ज्यानं सळई बांधली त्यानं खाली उभं राहायचं. पहिल्या वेळेला उभा होतास का? नव्हतो. पहिल्या वेळेला मी बाजूला उभा राहून पेढा खात होतो. ह्या वेळेला मी सरांच्या खुर्चीच्या जागेवर उभा राहिलो, मेस्त्रींनी एक बल्ली काढली, दुसरी काढली, मग स्वतः वरच्या खिडकीतनं उतरून छज्ज्यावर उभे राहिले, साठीचा माणूस, नि टाचेनं दोनदा आपटलं. माती पण नाय पडली. मी रडलो हो. सगळ्यांसमोर. मी काय लाजत नाय सांगायला.

मेस्त्रींची एक अट होती. थापी त्यांच्याकडं ठेवायची नि परत घमेलं उचलायचं. बापसानं दुसऱ्या दिवशी मला रिकाम्या हातानं निघताना बघितलं. बोलला, थैली कुठं हाय? मी त्याला खरं सांगितलं, सगळं. मला वाटलं आता हा पण हात धुऊन उठेल. तो टाचेच्या भेगा चाचपत बसला, मग बोलला, तुला कोनी धरून नेला काय बिगारीला? मी बोललो, नाय, मीच जातोय. बोलला, मग जा. आज्याला धरून न्यायचे. तेवढंच. दोन वर्षं मी माल वाहिला, नि एका सकाळी गणू मेस्त्रींनी माझी थापी माझ्यासमोर टाकली, बोलले, ही भिंत तुझी.

सरांकडं मी जात राहिलो. दर वर्षी पावसाच्या आधी छज्जा बघायला. चहा मिळायचा, बाईंनी कुंड्या परत ठेवल्या, मी बोललो ठेवा, दहा ठेवा. पण सरांनी मला परत मिस्त्री बोलवलं नाय. अहो पण नाय. ये अनंता, बस अनंता. नौपाड्याच्या मेहुण्याकडं पण माझं नाव परत सांगितलं नाय. मी वाट बघायचो, खोटं कशाला बोलू, दर वर्षी वाटायचं ह्या वेळी बोलतील. मग ते मुलाकडं पुण्याला गेले, घराला कुलूप लावलं, जाताना त्यांनी मला दार-खिडक्या बघायला बोलवलं, चावी हातात दिली, बोलले, अधूनमधून बघत जा अनंता, तुझ्याशिवाय मी कोणाला सांगणार. तेव्हा पण मिस्त्री नाय बोलले. बरोबर हाय त्यांचं. तो शब्द त्यांनी मला एकदा दिलेला, दुसऱ्यांदा द्यायला ते बांधील नव्हते.

आता इकडं शीळफाट्यापर्यंत बिल्डिंगी आल्या, माझ्या हाताखाली पंधरा माणसं हायत, सगळी मला मिस्त्री बोलतात, शेठ मिस्त्री बोलतो, बायको चिडली की ती पण मिस्त्री बोलते. मी ओ देतो. पण रविवारी घरात बसवत नाय. सकाळी उठतो, सायकल काढतो, डोंबिवलीला, दिव्याला, जिथं जिथं मी छज्जा नि गॅलरी बांधलीय तिथं खालनं बघत फिरतो. बायको बोलते, लोकांना वाटेल चोर हाय. वाटू दे. एका गॅलरीत एक म्हातारी लोणच्याच्या फोडी सुकवत असते, ती मला ओळखायला लागलीय, बोलते, काय हो, कोणाकडं आलात? मी बोलतो, कोणाकडं नाय, जातोय असाच.

तुमच्या घराला हाय ना छज्जा, गॅलरी? कोणी बांधली, नाव ठाऊक हाय त्या माणसाचं? नाय ना. बघा. माझं काम मी आता ह्याच्यावरनं ओळखतो, जिथं कोणाला माझं नाव आठवत नाय तिथं माझं काम बरं झालेलं हाय. देव करो, तुमच्यावर त्याचं नाव शोधत फिरायची पाळी कधी न येवो. चहा घ्या, गार झाला.